खाल्ल्या घरचे वासे

खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत, असं आपल्याकडे म्हणतात. मी मोजायला गेलो.

गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही चार मित्र चिखलदऱ्याला एका रिसॉर्टच्या ‘स्विस कॉटेज’मध्ये उतरलो होतो. रात्री भाकरी, पिठलं आणि ठेचा हाणून गादीवर आडवा झालो आणि वर पाहिलं. प्लास्टर ऑफ पॅरिसचं फॉल्स सीलिंग, कोपऱ्यात ओलीचा मोठा डाग आणि त्या डागातून थेंब थेंब गळणारं पाणी. खाली बादली ठेवलेली होती. ती आम्ही यायच्या आधीपासून तिथेच होती.

सकाळी धुकं जरा विरळ झाल्यावर मी कॉटेजच्या मागे गेलो. समोरून ते म्हणजे जमिनीपासून थेट वर निघालेला टोकदार लाल त्रिकोण. इन्स्टावर टाकायला एकदम भारी. मागून पाहिलं तर साधी चौकोनी खोली, तिच्यावर सपाट स्लॅब, आणि स्लॅबच्या वर व बाजूंना लोखंडी पाइपांवर उभा केलेला पत्र्याचा त्रिकोण. वासे नव्हते, आढं नव्हतं. मोजणार काय?

छपराची कधी समीक्षा असते का, असं तुम्ही विचाराल. सिनेमाची असते, पुस्तकाची असते, आता तर मिसळीचीही असते. मग ज्याच्याखाली आपण झोपतो त्याची का नसावी? शिवाय छपराच्या समीक्षेला एक सोय आहे. कवितेत कवीला काय म्हणायचं होतं यावर भांडता येतं. छपराला एकच प्रश्न विचारायचा असतो. तुझ्यावर भार कसला आहे, आणि तो तू जमिनीपर्यंत कसा पोचवतोस?

हा प्रश्न मला सुचला त्याला कारण आमचा गोठा.

गोठ्याची गोष्ट

आमचं गाव परतवाड्याच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी. गेल्या वर्षी मे महिन्यात संध्याकाळी वादळ आलं. पाऊस नावालाच, वारा मात्र असा की समोरचं लिंबाचं झाड दिसेना. दहा मिनिटांत गोठ्यावरचे सहा टिनपत्रे उडाले. म्हशीला काही झालं नाही. पण एक पत्रा शेजारच्या अंगणात जाऊन खाटेवर आडवा पडला. थोड्या वेळापूर्वी त्या खाटेवर त्यांची चार वर्षांची नात खेळत होती; आकाश काळं झालं म्हणून आजीने तिला आत नेलं होतं.

शेजाऱ्यांनी आम्हाला एका शब्दाने बोल लावला नाही. त्यामुळे बाबांना जास्तच लागलं. पत्रे परत चढवले, त्यांवर दगड ठेवले. पण पुढच्या उन्हाळ्यात गोठ्याचं छप्पर नव्याने बांधायचं हे त्याच रात्री ठरलं. तेव्हापासून मी कुठेही गेलो की आधी वर बघतो.

एक शेड, एक टन बर्फ

त्याच सुमारास कॅनडातला माझा मावसभाऊ घरामागे शेड बांधत होता. दहा फूट बाय बारा फूट. आत बागेची अवजारं, सायकली आणि बर्फ काढायचं यंत्र ठेवायचं, बस. फॅमिली ग्रुपवर रोज फोटो यायचे. दर सोळा इंचांवर एक वासा, जाड, उभ्या कडेवर ठेवलेला. मी लिहिलं, ‘अरे, कुदळ-फावडं ठेवायच्या खोलीला एवढं लाकूड?’ त्याने मला गणित पाठवलं.

ताजा, भुसभुशीत बर्फ घनमीटरला साधारण 100 किलो भरतो. काही दिवस पडून दबला की 200 ते 300. त्यावर पाऊस पडला तर आणखी जड. म्हणजे छपरावर फूटभर ताजा बर्फ बसला तर चौरस मीटरला 30 किलो. तोच दबलेला असेल तर 60 ते 90. दहा बाय बाराच्या शेडचं क्षेत्रफळ अकरा चौरस मीटर. फूटभर जुना बर्फ म्हणजे जवळपास टनभर वजन, एक लहान कार छपरावर उभी करावी तसं. आणि ती कार आठवडेच्या आठवडे तिथून हलत नाही.

हे वजन खाली येतं तेव्हा एक गंमत होते. समोरासमोर टेकवलेले दोन वासे फक्त खाली दाबत नाहीत, पाय फाकवतात. गुळगुळीत फरशीवर दोन्ही पाय फाकवून उभं राहून बघा; वरून कोणी खांद्यावर दाब दिला की पाय आपोआप बाहेर घसरतात. वासेही तसेच भिंतींना बाहेर ढकलतात. भिंती फाकल्या की आढं खाली बसतं. ‘घर फिरलं की घराचे वासेही फिरतात’ ही म्हण आपण माणसांबद्दल वापरतो, पण ज्याने ती पहिल्यांदा उच्चारली त्याने असं एखादं घर फाकताना पाहिलं असणार.

यावर उपाय दोन. एक, वाशांचे पाय खालून आडव्या लाकडाने बांधून टाकायचे. दुसरा, आढं इतकं जाड घ्यायचं आणि खांबांवर असं टेकवायचं की वासे त्याच्यावर लटकून राहतील, ढकलणार नाहीत. मावसभावाने आधी आडवं लाकूड वर, आढ्याजवळ ठोकलं होतं, कारण खाली ठोकलं तर डोकं आपटतं. परवानगी तपासायला आलेल्या माणसाने ते काढायला लावलं. आढ्याजवळचं लाकूड वाऱ्यात दोन वासे एकमेकांपासून सुटू नयेत म्हणून; पाय फाकू नयेत म्हणून ताण हवा तो उंचीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात. शेड घराच्या वळचणीपासून लांब बांधायलाही त्यानेच सांगितलं, कारण मोठ्या छपरावरून घसरलेला बर्फ शेजारच्या छोट्या छपरावरच येऊन आदळतो.

आपल्याकडेही हे गणित आहे. भारतीय मानक 875 चा चौथा भाग फक्त बर्फाच्या भाराचा आहे, काश्मीर-हिमाचलसारख्या मुलखांसाठी. ढोबळमानाने सांगायचं तर मंद उताराच्या छपरावर जमिनीवरच्या बर्फाच्या 80 टक्के भार धरतात. उतार 30 अंशांच्या वर गेला की तो कमी होत जातो, आणि 60 अंशांपुढे बर्फ टिकतच नाही असं मानतात.

आता रिसॉर्टचा त्रिकोण आठवा. साठ अंशांचा तरी उतार होता. बर्फ सांडून टाकायला अगदी योग्य. समुद्रसपाटीपासून सुमारे 1100 मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्याला थंडी पडते, धुकं पडतं, पाऊस तर धो धो पडतो. बर्फ तेवढा पडत नाही.

स्विस कुठे आहे?

बरं, तो त्रिकोण निदान स्वित्झर्लंडचा तरी आहे का? नाही. आल्प्समधली जुनी लाकडी घरं पाहिली तर त्यांची छपरं आश्चर्य वाटावं इतकी पसरट असतात. उतार कमी, वळचण लांब. बर्फ खाली पडावा असं त्यांना वाटतच नाही. तो छपरावर बसलेला त्यांना हवा असतो, कारण भुसभुशीत बर्फ घोंगडीसारखी ऊब धरतो. वजन पेलायला खालचं लाकूड भक्कम. आणि लाकडी फळ्यांची कौलं वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांवर ठेवलेले असतात दगड.

दगड! हे वाचलं तेव्हा मी फोन खाली ठेवला आणि आमच्या गोठ्याकडे पाहिलं.

मग जमिनीपासून निघणारा टोकदार त्रिकोण आला कुठून? अमेरिकेतून. मूळचा व्हिएन्नाचा असलेला रुडॉल्फ शिंडलर याने 1934 मध्ये कॅलिफोर्नियात लेक ॲरोहेड इथे असं घर बांधलं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन मध्यमवर्गाकडे पैसा आणि सुट्ट्या दोन्ही आल्या, तेव्हा 1950 आणि 60 च्या दशकांत या त्रिकोणी घरांची लाटच आली. अँड्र्यू गेलरचं गाजलेलं त्रिकोणी घर तर न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या समुद्रकिनाऱ्यावर होतं. म्हणजे हा आकार तिथेही बर्फापेक्षा सुट्टीचाच होता. पण त्याच्यात एक सच्चेपणा होता. वासे हेच भिंत, वासे हेच छप्पर. तळाची जमीन हाच ताण, पाय फाकूच देत नाही. त्रिकोण ही स्वतःच रचना असते, म्हणून तो स्वस्तात, कमी लाकडात उभा राहतो.

आमच्या कॉटेजने यातला आकार घेतला आणि रचना सोडून दिली. परदेशी कल्पना आणल्याबद्दल माझी तक्रार नाही. चहा परदेशातून आला, कवेलूचा इंग्रजी भाऊबंद मंगलोरी कौलही मिशनऱ्यांनीच आणलं. चिखलदऱ्यातली कॉफीही बाहेरूनच आली, इथल्या उतारांवर रुजली आणि इथली झाली. पण कॉफी रुजताना इथल्या मातीशी आणि पावसाशी तिला जमवून घ्यावं लागलं. या त्रिकोणाने इथल्या कशाशीच जमवून घेतलेलं नाही. बर्फ नाही म्हणून उताराचा उपयोग नाही, आणि जे आहे ते, म्हणजे आडवा पाऊस आणि वारा, त्याच्यासमोर तो शिडासारखा छाती काढून उभा.

इथला भार वर ओढतो

चिखलदऱ्याच्या एका दरीकाठाचं नावच हरिकेन पॉइंट आहे. तिथे कधी पावसाळ्यात उभे राहिला असाल तर सांगायला नको. दरीतून वारा वर येतो आणि पाऊस खालून तोंडावर मारतो. आढ्याचं पाणी वळचणीला यायचं, हा जगाचा नियम. इथे वळचणीचं पाणी पत्र्यांच्या जोडातून आढ्याकडे चढताना मी पाहिलं आहे.

परतवाड्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना मी गोठ्याचं छप्पर दाखवायला आणलं होतं. मी त्यांना मावसभावाचे फोटो दाखवले, बर्फाचं वजन सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, ‘भाऊ, तिकडं छत दाबते. आपल्या इकडं उडते. तुमी खांब जाड कराची गोष्ट करून रायले, मी म्हंतो टिन धरून ठेवा.’

त्यांचं बोलणं आकड्यांत असं. वाऱ्याचा वेग ताशी 108 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 30 मीटर धरला, तर त्याचा दाब चौरस मीटरला साधारण 55 किलो भरतो. छपरावरून वारा वाहताना हा दाब बराचसा वर ओढणारा असतो, आणि कडांना, कोपऱ्यांना सगळ्यात जास्त. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या टिनपत्र्याचं वजन चौरस मीटरला पाचेक किलो. वर ओढणारे पंचावन्न, खाली धरणारे पाच. उरलेले पन्नास किलो कोण धरणार? चार खिळे आणि सहा दगड.

मावसभावाच्या शेडमध्ये प्रत्येक वासा भिंतीला एका वाकवलेल्या लोखंडी पट्टीने बांधलेला आहे. तिकडे दुकानात तिचं नाव ‘हरिकेन टाय’. बर्फाच्या देशातल्या कुदळ-फावड्यांच्या खोलीत हरिकेन टाय आहे आणि ज्या गावाला हरिकेन पॉइंट आहे तिथल्या कॉटेजात नाही.

फूटभर न वितळणारा बर्फ

परतताना आम्ही मेळघाटातल्या एका कोरकू गावात चहाला थांबलो. समोरासमोर घरांच्या दोन सरळ रांगा, मध्ये रुंद रस्ता. बांबूच्या कुडाच्या, मातीने लिंपलेल्या भिंती. ज्यांच्या ओसरीत बसलो त्यांच्या घरावर अजून कवेलू होतं. चहा घेतला आणि मान वर केली. यावेळी वासे होते. मोजले. एका पाखाला अकरा, हातभर अंतरावर, वर बांबूच्या चिपा आणि त्यावर कवेलू. आढं जमिनीत पुरलेल्या दोन जाड खांबांवर थेट टेकलेलं. म्हणजे वासे आढ्यावरून लटकलेले. मातीच्या भिंतीला कोणी ढकलतच नव्हतं.

एवढं दाट लाकूड कशाला? पुन्हा वजन करून बघू. गावठी कवेलूचं छप्पर पट्ट्यांसकट चौरस मीटरला 60-70 किलोच्या घरात जातं. म्हणजे फूटभर दबलेल्या बर्फाइतकं! चिखलदऱ्याच्या डोंगरात बर्फ पडत नाही, पण या घरावर बारा महिने फूटभर न वितळणारा बर्फ बसलेला आहे, आणि खालची सुतारकी तो पेलण्यासाठीच आहे. वाऱ्याचे पंचावन्न किलो हे वजन बसल्या बसल्या जिरवतं. इथे खिळ्याचं काम वजन करतं.

म्हणजे बर्फाच्या देशातली खरी अक्कल चिखलदऱ्यात आधीपासून होती. ती रिसॉर्टच्या त्रिकोणात नव्हती, या ओसरीवर होती. आणि आमच्या गोठ्यावरच्या दगडांत तिची अर्धीमुर्धी आठवण शिल्लक होती.

इथे मला स्वतःलाच आवरावं लागलं. शहरात राहून कवेलूच्या घराचे गोडवे गाणं सोपं आहे. त्या घरच्या काकूंना मी म्हणालो, ‘किती छान घर आहे.’ त्या हसून म्हणाल्या, ‘तुम्ही या ना मग कवेलू फेरायला.’ दर उन्हाळ्यात प्रत्येक कवेलू काढून, झाडून, पुन्हा लावायचं. माकडांची एक टोळी येऊन गेली की निम्मी फुटलेली. नवीन करणारे कमी झाले. मेळघाट 1973-74 मध्ये देशातल्या पहिल्या व्याघ्रप्रकल्पांपैकी एक झाला, आणि जंगलातून सागाचा वासा आणणं ही गोष्ट आता पूर्वीइतकी सोपी राहिलेली नाही. अशात कोणी टिन टाकलं तर त्याला नावं ठेवायचा मला काय अधिकार?

माझी तक्रार वेगळी आहे. कवेलू उतरलं आणि टिन चढलं तेव्हा छपरावरचे साठ किलो गेले. लोकांना ते हलकं होणं बरंच वाटलं, आमच्या बाबांनाही वाटलं होतं. पण त्या साठ किलोंबरोबर छपराला धरून ठेवणारा हातही गेला, आणि त्याच्या जागी दुसरा हात कोणी दिला नाही. तेच वासे, तेच खांब, तीच सुतळी-तारेची बांधणी, वर नवा हलका पत्रा. सामान बदललं की सांधे बदलावे लागतात, हे टिन विकणाऱ्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. रिसॉर्टवाल्याने आकार आणला आणि भार विसरला. आम्ही भार बदलला आणि सांधे विसरलो. चूक एकाच जातीची आहे. फरक एवढाच की त्याची चूक गळते, आणि आमची उडून दुसऱ्याच्या अंगणात जाते.

सात जोड्या

यंदा एप्रिलमध्ये गोठा बांधला. मिस्त्री, बाबा आणि मी. जुने सागाचे वासे चांगले निघाले, तेच वापरले. सात जोड्या. उतार पंचवीस-तीस अंशांचा. त्याहून पसरट हलक्या छपराला वारा जास्त ओढतो. वळचण दीड फुटाच्या पुढे जाऊ दिली नाही. खांब तीन फूट खोल, तळाला आडवी सळई घालून सिमेंटमध्ये. प्रत्येक जोडीला खालून ताण, आणि तो म्हशीच्या शिंगांना लागणार नाही इतका वर. गावातल्या वेल्डरकडून लोखंडी पट्ट्या कापून, वाकवून घेतल्या आणि प्रत्येक वासा खांबावरच्या तुळईला बोल्टने बांधला. पट्टी बघून वेल्डर म्हणाला, ‘हे कायचं व?’ मी म्हणालो, ‘हरिकेन टाय.’ त्याने ते नाव आता त्याच्या वहीत लिहून ठेवलं आहे, ‘हरीचा टाय’ असं.

पत्र्यांना खिळ्यांऐवजी हुकाचे बोल्ट, पन्हळीच्या वरच्या उंचवट्यात, खाली वॉशर. म्हणजे भोकातून पाणी जात नाही. कडांना आणि आढ्याजवळ बोल्ट दाट. मिस्त्रींनी हे सगळं केलं आणि शेवटी म्हणाले की एवढं लोखंड त्यांनी आयुष्यात कुठल्या गोठ्याला लावलं नव्हतं. हे कौतुक होतं की टोमणा, मला अजून कळलेलं नाही.

काम संपल्यावर मी बाबांना म्हणालो, वरचे दगड आता नकोत. खरं तर वादळात सुटा दगडच धोक्याचा. बाबांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर आढ्याच्या दोन्ही टोकांना एकेक दगड, तारेने आवळून बांधलेला. मी काही बोललो नाही.

मेच्या शेवटी पहिलं वादळ आलं. वीज गेली. मी टॉर्च घेऊन गोठ्यात गेलो आणि उजेड वर मारून एकेक सांधा बघायला लागलो. पत्रे थरथरत होते, वाजत होते, पण उचलत नव्हते. शेजारच्या आजीही कंदील घेऊन त्यांच्या दारात उभ्या होत्या, आमच्या छपराकडे बघत. बाबा म्हशीच्या पाठीवर हात ठेवून होते. त्यांनी विचारलं, ‘काय करून रायला?’

‘वासे मोजतोय,’ मी म्हणालो.

‘मोज बाप्पा,’ बाबा म्हणाले, ‘घरचेच हायेत.’